रोगाचे नाव आणि रुग्णाची सही

भोसरीच्या लघुउद्योगांपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात इंग्रजी शब्दांचे भय कोणी बाळगत नाही. जेमतेम शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला कामगारही जिग, फिक्स्चर, मायक्रॉन, टॉलरन्स हे शब्द बिनचूक वापरतो. कारण त्या शब्दांमागची वस्तू त्याला कोणीतरी हातात देऊन दाखविलेली असते. तोच कामगार वैद्यकीय तपासणीचा अहवाल हाती पडताच निरक्षर ठरतो. अडचण परभाषेची नाही. अर्थ समजावून देणे हे आपले काम आहे असे कोणी मानत नाही, ही खरी अडचण आहे.

या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. प्रेस शॉप किंवा फोर्जिंगच्या विभागातील कामगाराची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणक्षमतेची चाचणी, होते आणि अहवालात ‘सेन्सोरिन्यूरल हिअरिंग लॉस’ असे शब्द उमटतात. आतल्या कानातील संवेदनपेशींना किंवा श्रवणाच्या मज्जातंतूला इजा झाली आहे, असा त्यांचा अर्थ. कारण यंत्रांचा आवाज असेल, तर ऱ्हास प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत दिसतो. समोरच्याचे बोलणे ऐकू येत राहिल्याने कामगाराला काहीच जाणवत नाही. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही; पुढील हानी मात्र टाळता येते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील व्यावसायिक रोगांच्या यादीत आवाजामुळे येणारे बहिरेपण समाविष्ट आहे. परंतु ज्याला रोगाचे नावच उमगले नाही, त्याने कानांना संरक्षण कसे मागावे, आणि भरपाईचा हक्क तरी कसा सांगावा?

दुसरा गोंधळ तपासणी आणि उपचार यांतील आहे. अँजिओग्राफी रक्तवाहिनीतील अडथळा दाखविते. अँजिओप्लास्टी अरुंद झालेली वाहिनी रुंद करते. नावे सारखी, पण परिणाम व खर्च भिन्न. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केले की, निदानासाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती मानता येणार नाही. जीव वाचविण्याची निकड असेल तरच अपवाद. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णास दिली पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. ज्यास हे दोन शब्द वेगळे करता येत नाहीत, त्याच्या हाती हा निकाल निरुपयोगी ठरतो.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नाही. कारण विकणाऱ्याजवळचे ज्ञान घेणाऱ्याजवळ नसते. ही दरी पूर्णतः बुजणार नाही, परंतु ती कमी करणे अशक्यही नाही.

केवळ प्रतिशब्दांनी हे साधणार नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेले परिभाषा कोश मोलाचे आहेत. तथापि एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द ठेवल्याने रुग्णाचे काम भागत नाही. त्याला अर्थ हवा. ॲक्यूट म्हणजे अकस्मात उद्भवलेला, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चालणारा. बायोप्सी म्हणजे शरीरातील पेशींचा लहानसा नमुना काढून तपासणे; ती सांगितली म्हणजे कर्करोग ठरला, असे नव्हे. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘स्कोपी’ असेल तर आत पाहणे, ‘एक्टमी’ असेल तर काढून टाकणे. एवढे तर शाळेच्या एका तासात शिकविता येईल.

महापालिकेची रुग्णालये, कामगार विमा योजनेचे दवाखाने आणि कारखान्यांचे वैद्यकीय अधिकारी यांनी प्रत्येक अहवालाखाली साध्या मराठीत चार ओळी लिहाव्यात: काय आढळले, किती गंभीर आहे, पुढे काय करावयाचे, न केल्यास काय होईल. ज्यांना मराठी येत नाही, त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे. सही घेण्यापूर्वी त्या ओळी वाचून दाखवाव्यात. तोवर त्या सहीला संमती म्हणता येणार नाही.