गोवर नुसता येऊन जात नाही

"गोवर काय, सगळ्यांनाच यायचा. आम्हालाही आला होता. चार दिवस अंगावर उठला आणि गेला." घरातल्या एखाद्या आजीच्या तोंडून हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्या खोटं बोलत नाहीत. पण हे सांगायला ज्या उरल्या, त्यांचाच हा अनुभव आहे. गोवर उतरल्यावर ज्या पोरांना जुलाब लागले, छाती भरली आणि त्यात ती गेली, त्यांच्या घरी कारण सांगितलं गेलं ते जुलाबाचं. गोवराचं नाव त्यात आलंच नाही.

म्हणून पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असेल, तर आजच त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. एमआर, म्हणजे गोवर-रुबेला लस, तिथे दोनदा लिहिलेली हवी. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. राहतो तो बहुतेक दुसराच. तोवर मूल धावायला लागलेलं असतं, आई कामावर परतलेली असते, आणि एकदा टोचलंय ना, असं वाटतं.

एवढा आग्रह का, ते नीट सांगतो. नवा जंतू अंगात शिरला की शरीराची पहिली फळी लगेच कामाला लागते. ताप चढतो, सूज येते, काही पेशी जंतूंना गिळून टाकतात. ही फळी समोर कोण आहे हे फारसं बघत नाही. त्या विशिष्ट जंतूवर नेमका मारा करणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. आजार सरला की त्यातल्या काही पेशी मागे राहतात आणि त्या जंतूची ओळख जपतात. काही तर हाडांच्या मगजात बसून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं तयार करत राहतात.

ही आठवण किती टिकते, याचा पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मिळाला. तिथे 1781 साली गोवराची साथ आली, मग पासष्ट वर्षं गोवर फिरकलाच नाही. 1846 मध्ये तो परत आला तेव्हा सुमारे 7,800 वस्तीतले सहा हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तिथे जाऊन चौकशी केली. लहानपणी, 1781 मध्ये, ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नव्हता.

गोवराची आठवण अशी पक्की राहते. पण ती देताना तो बाकीच्या आठवणी पुसतो, आणि हे मात्र घरोघरी कुणाला ठाऊक नसतं. या विषाणूला शरीरात शिरायला दार लागतं, आणि ते त्याला सापडतं प्रतिकाराच्याच पेशींवर. आधीच्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशींमध्ये तो घुसतो आणि त्या मारतो. गावात माणसं आहेत, जमिनी आहेत, पण तलाठ्याचं दप्तरच जळालं, तर कुठली जमीन कुणाची हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. तशी त्या मुलाची गत होते. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की इतर जंतूंविरुद्धची त्यांची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. मग पुढची दोन-तीन वर्षं ते मूल सारखं का आजारी पडतं, याचा उलगडा होतो. लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, दप्तराला हात लावत नाही.

"नऊ महिने थांबायचं कशाला? जन्मल्याबरोबर का नाही टोचत?" हा प्रश्न रास्त आहे. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे आलेली असतात आणि पहिले काही महिने तीच त्याला राखतात. ती असताना लस दिली तर लसीतला विषाणूही तीच मारून टाकतात आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. नऊ महिन्यांनीसुद्धा शंभरातल्या पंधराएक बाळांमध्ये लस लागू पडत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि तुमचं बाळ त्या पंधरात आहे की नाही हे वरून कळत नाही. लशीनंतर आठवडाभराने थोडा ताप आला, अंगावर चार पुटकुळ्या उठल्या, तर घाबरू नका. शरीर शिकत असल्याची ती खूण आहे.

प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर, सरबतं, गोळ्या यांवर लोक महिन्याला शेकड्यांनी रुपये घालतात. त्यातली एकही गोवराची ओळख शरीराला करून देऊ शकत नाही. सरकारी केंद्रात फुकट मिळणारी, पुण्यातही तयार होणारी लस मात्र राहून जाते. पोटभर सकस जेवण आणि झोप हवीच, पण त्याने लशीचं काम भागत नाही.

लस नसलेल्या मुलाला गोवर झालाच तर तो देवीचा कोप समजून घरात कोंडून ठेवू नका. जेवण तोडू नका, अंगावरचं दूध बंद करू नका. डॉक्टरकडे न्या, आणि अ जीवनसत्त्वाचा डोस, लागोपाठ दोन दिवस, मिळतोय ना हे विचारा. डोळे आणि जीव, दोन्हींसाठी तो महत्त्वाचा आहे. धाप लागली, मूल पिईनासं झालं किंवा झटका आला, तर रात्र काढू नका.

गोवराचा रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी तो पसरवत असतो. घरी ठेवायची वेळ येईपर्यंत शेजारची तान्ही बाळं त्याच्या वाऱ्यात आलेली असतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीकडे, हेच झालं. उद्रेकाच्या भागांत मग नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. कॅन्सरवर उपचार घेणारी मुलं आणि गरोदर बायका ही लस घेऊच शकत नाहीत. त्यांची भिस्त तुमच्या मुलाच्या दोन डोसांवर आहे.

कार्ड हरवलं असेल, गाव सुटलं असेल, कामाच्या पायी मुक्काम बदलला असेल, तरी जवळच्या आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना गाठा. आधी घेतलाय की नाही आठवत नसेल तर तसं सांगा. एखादा डोस जास्त झाला तर त्याने अपाय होत नाही.