मातीचा दुष्काळ आणि सातबाऱ्याचा प्रश्न

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत नांदेड जिल्ह्यातील देगलूर, मुखेड आणि उमरी हे तीन तालुके होते. उमरी हा काही बीड-धाराशिवसारखा कायमचा कमी पावसाचा मुलूख नव्हे. नांदेड जिल्ह्यात सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरी तीन आठवड्यांचा खंड पडला की सोयाबीन माना टाकते आणि कापसाची पाने लाल पडतात. पाऊस कमी पडला हे खरे असेल. पण जो पडला तो गेला कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नशिबाला आणि वरुणराजाला दोष देऊन सारे मोकळे होतात.

तथागतांनी शिकवले की प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. दुष्काळालाही कारणे आहेत. त्यातले एक आपल्या पायाखाली आहे.

मराठवाड्याची काळी जमीन चिकणमातीची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. या मातीत सेंद्रिय अंश असेल तर मातीचे कण एकमेकांना धरून त्यांचे रवे बनतात, रव्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांतून पाणी खाली मुरते, मुळे खोल जातात. सेंद्रिय अंश संपला की रवे फुटतात. पहिल्याच जोरदार सरीत वरचा थर चिखल होऊन बसतो, वाळल्यावर त्याचा पापुद्रा धरतो आणि पुढचा पाऊस शेतात न शिरता ओढ्याला जातो. सोबत वरची सुपीक मातीही नेतो. एकाच गावात, एकाच पावसात एक शेत तग धरते आणि शेजारचे करपते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

हा अंदाज नव्हे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशभर दीर्घकालीन खत प्रयोग चालवले आहेत. अकोल्याला आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही ते चालतात. तेच शेत, तीच पिके, तेच खत, वर्षानुवर्षे. त्यातून निघालेला निष्कर्ष सरळ आहे. नुसते नत्र दिलेले वाफे मागे पडत जातात. नत्र, स्फुरद, पालाश प्रमाणात दिले तर पीक टिकते. आणि त्या जोडीला शेणखत दिले तर मातीतला कर्ब वाढतो, माती भुसभुशीत राहते, पाणी जास्त मुरते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला १८४३ पासून असाच प्रयोग चालू आहे. तेथे दरवर्षी शेणखत मिळालेल्या मातीत नुसत्या रासायनिक खतावरच्या मातीपेक्षा दुपटीहून अधिक कर्ब आहे. विशेष म्हणजे तो प्रयोग सुरू करणारा जॉन लॉज हा स्वतः रासायनिक खताचा कारखानदार होता!

म्हणजे रासायनिक खत हे विष नाही. त्याने या देशाच्या पोटाला अन्न दिले आहे, हे विसरून चालणार नाही. विष आहे ते एकांगीपणात. आणि हा एकांगीपणा शेतकऱ्याच्या अडाणीपणातून आलेला नाही, तो दिल्लीत बसून ठरवला गेला. १ एप्रिल २०१० पासून खतांना अन्नद्रव्यानुसार अनुदान देण्याचे धोरण आले. त्यातून युरिया मात्र वगळला. स्फुरद-पालाशच्या किमती भडकल्या आणि युरिया स्वस्तच राहिला. आज पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीला २६६ रुपये ५० पैसे आणि पन्नास किलोच्या डीएपीला १३५० रुपये. गरीब माणूस काय उचलणार?

आता आपल्या माणसाकडे पाहू. गायरानावर दोन एकर कसणारा बौद्ध, मातंग कास्तकार पिढ्यानपिढ्या वहिवाट करतो; सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही. म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, सन्मान निधी नाही, शेततळे नाही. पण युरिया मिळतो, कारण दुकानातल्या यंत्रावर आधारचा अंगठा लागतो, सातबारा लागत नाही. ज्याला शेतकरी म्हणून शासन ओळखतच नाही, त्याच्यापर्यंत शासनाची एकच मदत पोहोचते, आणि नेमकी तीच एकटी वापरली तर माती उतरणीला लागते! त्यात गायरान म्हणजे बहुधा मुरमाड माळ. तेथे मातीचा थर वीतभर. ज्या जमिनीला शेणखताची गरज सर्वांत जास्त, ती ज्याच्या वाट्याला आली त्याच्या दारात जनावर नाही आणि उकिरडाही नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा केवळ आकाराने लहान की मोठा हे ठरत नाही, त्याच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत यावर ते ठरते, असे त्यांनी मांडले. शंभर वर्षांनंतरही आपली राज्यकर्ती मंडळी हा धडा शिकलेली नाहीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने २००४ पासून भूमिहीनांसाठी योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तिची तरतूद आहे. पण जमीन देऊन बैल, खत, बांधबंदिस्ती दिली नाही तर ती जमीन सावकाराच्या वाटेला लागते.

हल्ली ‘गाय पाळा, सेंद्रिय शेती करा’ असा उपदेश करणारे बरेच झाले आहेत. त्यांना एक प्रश्न. २०१५ साली महाराष्ट्राने गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू केला. भाकड बैल विकून नवा घेण्याची गरिबाची वाट त्याने बंद झाली. मग दावण रिकामी राहणार नाही तर काय होणार? एका हाताने शेण काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने शेणखताचे प्रवचन द्यायचे, ही कसली नीती?

कायद्याचा मुद्दाही स्पष्ट आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेले पट्टे अपवाद म्हणून नियमित करता येतील, असेही त्याच निकालात म्हटले आहे. अधिकारी निकालाची पहिली बाजू पाठ म्हणतात आणि दुसरी विसरतात. ज्याला पुढच्या वर्षी या जमिनीवर राहू की नाही याची खात्री नाही, तो मातीत दहा वर्षांची गुंतवणूक करील कशी?

म्हणून मागण्या नेमक्या करा. १९९१ च्या निर्णयाप्रमाणे पात्र असलेल्यांची नावे सातबाऱ्यावर लावा. तोपर्यंत वहिवाटीच्या पुराव्यावर माती परीक्षण करून मृद आरोग्य पत्रिका द्या. तलावाचा गाळ ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्याच शेतात जातो. तो गायरानाच्या माळावर शासनाच्या खर्चाने टाका. अनुदान युरियाच्या गोणीला देता तसे शेणखताला आणि कंपोस्टलाही द्या. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत मातीतील ओलावा हा एक निकष आहे. तो मोजताना माळावरची जमीनही मोजा.

आणि आपणही कामाला लागू. पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या बांधावर जाळू नका, कुजवा. सोयाबीनचे भूस शेतात परत जाऊ द्या. सोयाबीनमागून सोयाबीन न घेता तूर, हरभरा, ज्वारीचा फेर ठेवा. उताराला आडवी पेरणी करा. याला पैसा कमी, एकोपा जास्त लागतो. वस्तीवर सामायिक कंपोस्ट खड्डे काढायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली हजारो माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. कसेल त्याची जमीन ही मागणी अजून अपुरी आहे. तिला आता जोड द्यावी लागेल ती जिवंत मातीच्या मागणीची. मेलेली जमीन पदरात टाकून आमची बोळवण करू नका, हे सांगण्याची वेळ आली आहे.

जयभीम!