किल्ला जपायचा आणि किनारा विकायचा?

मालवणच्या वाटेला लागलं की किल्ल्याच्या आधी आता फलक दिसतात. ‘सी-व्ह्यू’, ‘एनए प्लॉट’, ‘सेकंड होम’. एका फलकावर तर खुद्द सिंधुदुर्ग छापलाय, फ्लॅटच्या गॅलरीतून दिसणारा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून महाराजांनी ज्या दुर्गाचा पाया घातला, तो आज चौरस फुटाचा भाव चढवायच्या कामी आलाय. मला याची चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. पण त्या नोंदीचं नाव किती जणांनी नीट वाचलं? ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ असं ते आहे. नुसती तटबंदी म्हणजे भूदृश्य नव्हे. कुरटे बेट, खडकांनी भरलेलं पाणी, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट आणि समोरचा माडांचा किनारा, हे सगळं त्यात आलं. कायदा मात्र दगडापाशी थांबतो. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. किल्ला बेटावर, त्यामुळे ही रेघ बहुतेक पाण्यातच संपते. समुद्रात इमले बांधायला कोण जाणार होतं? जिथे बांधायचंय तो किनारा मोकळाच राहिला. त्यात ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत असलेली बंदी २०१९च्या किनारा नियमन (सीआरझेड) अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ५० मीटरवर आणली.

आमच्या वाडीत एका काकीच्या बावीचं पाणी तीन पिढ्या प्यायल्या. शेजारच्या कलमांच्या बागेत संकुल उभं राहिलं, त्यांनी दोन बोअर मारल्या. गेल्या मे महिन्यात काकीने चहा पुढे केला आणि म्हणाली, “बावीचां पाणी खारां झालां रे.” चहा खरंच मचूळ होता. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून असतं. ते हावरटासारखं उपसलं की खालून समुद्र वर येतो. किल्ल्यावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव भर दर्यात आजही गोड आहेत, आणि किनाऱ्यावरची बाव खारी होतेय. संकुलात मात्र दहा महिने कुलपं असतात.

पुळणीचंही तेच. रापण ओढायला मोकळी पुळण लागते. दोन्ही टोकांना माणसं उभी राहून जाळं किनाऱ्याला घेतात. कुंपण पडलं, पाणंद बंद झाली, की रापणकर जाणार कुठे? आणि कातळाच्या सड्याला ‘पडीक’ म्हणणाऱ्यांनी आमच्याच तालुक्यातल्या कुडोपीला जाऊन यावं. तिथली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जेसीबीला चित्र आणि चिरा यांतला फरक कळत नाही.

सरकारने मार्च २०२४ मध्ये काय केलं? कोकण किनाऱ्यावरच्या १६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. ही संस्था १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबई वसवणं हे तिचं काम. ज्यांच्या हाताला शहर बांधायची सवय, त्यांच्या हाती वाड्यांचा नकाशा द्यायचा? आणि ग्रामसभेने काय करायचं, नुसतं बघत बसायचं?

“मग विकास नकोच का?” हा प्रश्न मला दर वेळी ऐकवला जातो. इथल्या पोरांना घरं हवीत, ती बांधा. तारकर्ली-देवबागात घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन कितीतरी कुटुंबं उभी राहिली. त्यांना रस्ता, पाणी, गटार द्या. माझा विरोध आहे तो बंद घरांच्या वसाहतींना आणि सामायिक सातबाऱ्यातला मुंबईच्या एका भावाचा हिस्सा गुपचूप घेऊन अख्ख्या जमिनीला तारा ठोकणाऱ्या दलालीला.

माझं मागणं सरळ आहे. किल्ल्याचं संरक्षित क्षेत्र दांडीपासून सर्जेकोटापर्यंतच्या किनाऱ्यावर आणा. आजूबाजूच्या बावी तपासल्याशिवाय एकाही संकुलाला बोअर देऊ नका. ग्रामसभेचा ठराव नसेल तर बिनशेती परवाना नाही. आणि गाववाल्यांनो, सही करण्याआधी शेजाऱ्याच्या बावीचं पाणी एकदा तोंडात घेऊन बघा.