स्पोर्ट्स कार आणि कंबरदुखी: गाडी विकू नका, पण एवढं मात्र करा



काही दिवसांपूर्वी सदरमधलेच एक व्यापारी तपासायला आले होते. वय 44. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आयुष्यभर मेहनत करून त्यांनी दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल रंगाची गाडी घेतली. रविवारी पहाटे कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहा खायचा आणि मग समृद्धी महामार्गावर एक लांब फेरी मारायची, हा त्यांचा आनंद. खुर्चीवर बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडीतून उतरताना दोन मिनिटं सरळच होता येत नाही. लोक गाडीचे फोटो काढून राहिले असतात आणि मी दार धरून वाकलेला! गाडी विकून टाकू का?"

मी म्हटलं, "विकू नका. पण एक सांगा, गाडी चालवायच्या आधी गोळी घेता का?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "घेतो ना. मेडिकलवाल्यानं दिली होती. त्याशिवाय बसवतच नाही."

हा लेख त्या गोळीसाठी लिहितो आहे. कंबर कशी सांभाळायची हे सांगतोच, पण माझं मुख्य म्हणणं आधी ऐका: दुखणं गोळीनं दाबून वेगवान गाडी चालवणं हा फक्त तुमच्या कंबरेचा प्रश्न नाही. रस्त्यावरच्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

या गाडीत कंबर जास्त का दुखते?

आपल्या कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. उभं असताना कंबरेला आतल्या बाजूला हलकासा बाक असतो. त्या बाकामुळे भार सगळीकडे नीट वाटला जातो. आपण पोक काढून बसलो की हा बाक सपाट होतो, गादीच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि मागचे स्नायुबंध ताणले जातात.

आता स्पोर्ट्स कारची बैठक आठवा. सीट अगदी खाली, पाय जवळजवळ सरळ पुढे. मांडीच्या मागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडाला म्हणजे कटीला जोडलेले असतात. पाय सरळ केले की हे स्नायू कटीला मागे ओढतात आणि कंबर आपोआप गोल होते. ज्यांचे हे स्नायू आखडलेले असतात, म्हणजे दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसणारे बहुतेक जण, त्यांना हा त्रास जास्त होतो.

दुसरं कारण म्हणजे धक्के. अशा गाडीचे स्प्रिंग कडक असतात आणि टायरचं रबर पातळ असतं. गुळगुळीत रस्त्यावर वळण घेताना हे उत्तम. पण आपल्याकडे सिमेंट रस्त्याच्या कडेला गट्टू, मध्येच खोदलेला पट्टा आणि दर थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होणाऱ्या उभ्या कंपनाला सगळ्यात जास्त हलतं, आणि वाहनातल्या धक्क्यांचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो.

ड्रायव्हिंग आणि कंबर यांचा संबंध नवा नाही. अमेरिकेत 1975 साली प्रसिद्ध झालेल्या केल्सी आणि हार्डी यांच्या अभ्यासात दिसलं होतं, की कामाचा निम्मा किंवा जास्त वेळ वाहन चालवणाऱ्या पुरुषांमध्ये कंबरेतली गादी सरकण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. ते काही स्पोर्ट्स कारवाले नव्हते, साधे चालक होते. म्हणजे आपले ऑटोवाले, ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर यांची कंबर तुमच्यापेक्षा जास्त सोसते. फरक एवढाच, की त्यांना गाडी विकायचा पर्याय नसतो.

सगळा दोष गाडीचा नाही

सचिन तेंडुलकरचं उदाहरण घ्या. 1999 च्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध त्यानं कंबरदुखी सोसत 136 धावा केल्या. आपण तो सामना 12 धावांनी हरलो, ती हळहळ अजून आहे. पुढे 2002 साली त्यानं ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि त्याबद्दल त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. क्रम पाहा: कंबर आधी, फेरारी नंतर. पंचविशीतल्या, रोज व्यायाम करणाऱ्या खेळाडूची कंबर धरते, तर आपली का धरणार नाही?

गाडी बहुतेक वेळा दुखणं निर्माण करत नाही, दाखवून देते. कमजोर पाठ, आखडलेले पाय, वाढलेलं पोट, दहा-बारा तासांचं बसणं हे सगळं आधीच असतं. खालच्या सीटवर त्याचा हिशोब होतो.

एमआरआयला घाबरू नका

अनेक जण रिपोर्ट घेऊनच येतात. "डॉक्टरसाहेब, गादी घासली म्हणून लिहिलं आहे." कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विशीत 37 टक्के आणि पन्नाशीत 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. दुखणं मात्र शून्य. केस पिकतात तशी गादीही पिकते. पुढे दिलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या आठवड्यात एमआरआय करून बहुतेकांच्या उपचारात काहीही फरक पडत नाही.

पट्ट्याचंही तसंच. सदरच्या कोणत्याही मेडिकलमध्ये कंबरेचा पट्टा मिळतो. पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, त्यात पट्टे आणि वजन लावून कंबर ओढणं (ट्रॅक्शन) नेहमीच्या उपचारात वापरू नये असं सांगितलं आहे. व्यायाम आणि आजाराची नीट माहिती यांची मात्र शिफारस केली आहे.

बसायचं कसं

1. चढणं-उतरणं. बहुतेकांची कंबर इथेच धरते. एक पाय आत टाकून, वाकून, पिळून घुसू नका. आधी सीटकडे पाठ करा, काठावर बसा, मग दोन्ही पाय जोडून एकदम आत घ्या. उतरताना याच्या उलट: दोन्ही पाय बाहेर, दाराच्या चौकटीला धरून मग उभे राहा. फोटो काढणारे थांबतील.

2. सीट. पाठ सरळ उभ्यापेक्षा थोडी मागे, साधारण 100 ते 110 अंशांत. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. सीट उंच होत असेल तर डोकं छताला लागणार नाही इतकी वर घ्या.

3. आधार. पातळ टॉवेलची गुंडाळी करून बेल्टच्या उंचीवर ठेवा. जाड उशी नको. ती तुम्हाला पुढे ढकलते आणि डोक्यामागचा आधार लांब जातो. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्यावर बाजारू कव्हर चढवू नका.

4. मागच्या खिशातलं पाकीट काढा. कटी तिरकी होते. हा उपाय फुकट आहे, तरी सगळ्यात कमी लोक करतात.

5. गाडी. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. मोठे अलॉय आणि गाडी खाली बसवणारे स्प्रिंग बाहेरून लावले असतील, तर मूळचे परत लावायचा विचार करा. आरामाचा मोड असेल तर शहरात तोच वापरा.

6. थांबणं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून 2025 पासून समृद्धीचा सगळा 701 किलोमीटरचा रस्ता खुला आहे. कारला 120 ची मर्यादा, वळणं कमी, त्यामुळे माणूस तीन-तीन तास हलतच नाही. दर तासाला गाडी थांबवा, पण रस्त्याच्या कडेला नाही, पंपावर किंवा थांब्यावरच. दोन-तीन मिनिटं चाला, हात कंबरेवर ठेवून हळूच मागे झुका. बराच वेळ बसल्यावर स्नायुबंध ताणून सैल झालेले असतात, म्हणून उतरल्या-उतरल्या वाकून बॅग उचलू नका.

आणि व्यायाम. रोज अर्धा तास चालणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचं ताणणं, पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा सेतुबंध, आणि हातापायांवर ओणवं होऊन उलट बाजूचा हात-पाय लांब करणं. एवढं पुरे. दुखणं ताजं असेल तेव्हा पुढे वाकण्याची आसनं थांबवा.

आता त्या गोळीबद्दल

कंबरदुखीच्या गोळ्यांमध्ये अनेकदा स्नायू सैल करणारं औषध असतं. टिझानिडीन, क्लोरझॉक्साझोन, तसंच नसांसाठी दिलं जाणारं प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, आणि ट्रॅमाडॉल, या सगळ्यांनी गुंगी येऊ शकते. गंमत अशी, की माणसाला आपण गुंगीत आहोत हे कळत नाही. "मी तर एकदम ओके होतो," असंच प्रत्येक जण सांगतो. 120 च्या वेगात गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे 16 मीटर. समोर बंद पडलेला ट्रक असेल तर ते 16 मीटर खूप असतात.

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी गुंगी सहसा येत नाही, पण मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात, पाणी कमी पिऊन, त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब, मधुमेह किंवा ॲसिडिटी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आणि दुसरी गोष्ट पायाची. कंबरेतली नस दबली तर पाय सुन्न होतो, पंजा उचलता येत नाही. उजवा पाय असेल तर ब्रेक किती दाबला हे समजत नाही. अशा वेळी गाडी चालवू नका, ती स्पोर्ट्स कार असो की ॲक्टिव्हा. शरीर वाहन चालवण्यास योग्य नसताना वाहन चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 186 खाली गुन्हाही आहे. कायदा बाजूला ठेवा. समोरून येणाऱ्या घरातही कोणी तरी जेवायला वाट पाहत असतं.

लगेच डॉक्टरकडे कधी?

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं यांपैकी काहीही झालं तर उद्याची वाट पाहू नका, त्याच रात्री इस्पितळात जा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, पूर्वीचा कर्करोग, किंवा अपघातानंतरचं दुखणं असेल तर लवकर तपासून घ्या. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो, तो गाडीच्या सीटवर ढकलून चालत नाही.

त्या व्यापाऱ्यांच्या उजव्या पायाचा अंगठा मी तपासला. ताकद थोडी कमी होती. त्यांना गाडीची चावी सहा आठवडे मुलाकडे द्यायला सांगितली. तोंड उतरलं त्यांचं. पण दिली. व्यायाम केला, पाकीट पुढच्या खिशात आलं, पायाची ताकद परत आली, गोळी बंद झाली. आता ते पुन्हा रविवारी पोहे खाऊन निघतात, फक्त दर तासाला थांबतात. मला म्हणाले, "थांबलं का लोकं गाडी पाहायला येतात जी, बरंच वाटते!"

तुमच्याही खिशात अशी एखादी गोळी असेल, तर निघण्याआधी तिच्या पाकिटावरचं नाव वाचा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत चावी घरीच राहू द्या.

काळजी घ्या.