अश्वशक्तीचा भ्रम

शिरूरच्या घोडकाठी काय किंवा दौंडच्या भीमाकाठी काय, शेतीसाठी पंप घ्यावयाचा झाला की दुकानात पहिला प्रश्न असतो, किती अश्वशक्तीचा? किती उंचीवर सेकंदाला किती लिटर पाणी हवे, हा खरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर देणारा आलेख उत्पादकाने काढून ठेवलेलाच असतो. आडव्या अक्षावर पाणी, उभ्यावर उंची. उंची वाढेल तसे पाणी घटते, हे त्यातील उतरती रेषा सांगते; दहावीच्या विद्यार्थ्यासही ते कळावे. दुसरी रेषा कार्यक्षमतेची. ती टेकडीसारखी चढते आणि पुन्हा उतरते. पंप तिच्या माथ्याजवळ चालला तरच वीज सार्थकी लागते.

सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उचलण्यास प्रत्यक्षात जेमतेम २ किलोवॉट शक्ती पुरते. पंप व मोटार मिळून ५५ टक्के कार्यक्षम असतील, तर आठ तासांत सुमारे २९ युनिटे लागतात. ३५ टक्के असतील, तर ४५. पाणी मात्र तेवढेच! शिवाय उंची म्हणजे केवळ नदी ते बांध नव्हे. पाइपातील घर्षणही तीत धरावे लागते, आणि पाइपाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण सुमारे बत्तीस पट होते. पाइपात वाचविलेले पैसे असे विजेत वाहून जातात.

अधिक उंचीचा पंप घेतला म्हणजे तो सुरक्षित, हा समजही फसवा आहे. नदीची पातळी वर असताना असा पंप आलेखाच्या उजव्या टोकाकडे सरकतो, गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटारीवर भार वाढतो आणि वाइंडिंग जळते.

याबद्दल शेतकऱ्यास अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु वीज मोजके तास येते, दाब अनिश्चित असतो. मिळेल तेवढ्या वेळात रान भिजावे म्हणून तो मोठा पंप घेतो, हा त्याच्या परीने हिशेबच आहे. त्यात कृषिपंपांस मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी करण्याची रीत राज्यात वर्षानुवर्षे चालली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी वीज मोफत झाली. ज्या विजेचे मोल मोजावे लागत नाही, तिच्या कार्यक्षमतेची रेषा कोण पाहणार? मात्र बिल आले नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. उन्हाळी आवर्तन सुटले की एकाच डीपीवरील पंप एकदम सुरू होतात, दाब पडतो, आणि नेमका पंप निवडणाऱ्या शेजाऱ्याचीही मोटार जळते. ऊस वाळतो तो त्याचा.

सवलत काढून घ्या, असे कोणी म्हणणार नाही. म्हटले तरी ऐकले जाणार नाही. निदान शासकीय अनुदानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पंपाबरोबर मराठीतील आलेख द्यावा, आणि विहिरीची किंवा नदीची उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील पातळी अर्जात नोंदविल्याखेरीज मंजुरी देऊ नये. त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही.