'हुशार आहे, पण...'

शाळांचे निकाल लागले, की धर्मग्रामाच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, आमचा मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यासच करीत नाही. तुम्ही जरा त्याला बजावा." आई बोलत असते, वडील मान डोलावीत असतात आणि दुसरी-तिसरीतले ते मूल खुर्चीच्या कडेवर बसून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करीत असते. गेल्या पंचवीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता मला त्याची चीड येते. ते आपण सर्वांनी कायमचे टाकून द्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

वाक्य वरकरणी मायेचे आहे. आपण मुलाची बाजू घेत आहोत, अशी पालकांची प्रामाणिक समजूत असते. पण ते मुलाच्या कानांनी ऐकून पाहा. सात वर्षांचे मूल वाचताना अडखळते, बेरजेत हातचा विसरते, रात्री पाठ केलेली कविता त्याला सकाळी आठवत नाही. जे त्याला जमत नाही, ते त्याला जमते पण ते करीत नाही, असे आपण चारचौघांत जाहीर करतो. जी त्याच्या कुवतीची मर्यादा, तिला आपण त्याच्या स्वभावाचा दोष ठरवतो. फळीवरच्या डब्यापर्यंत हात न पोहोचणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणत नाही. मग येथेच का म्हणतो? कारण ठेंगणेपणा मान्य करण्यात घराण्याची नाचक्की नसते, बुद्धी बेताची आहे हे मान्य करण्यात ती आहे, असे आपण धरून चाललो आहोत. स्वतःची लाज राखण्यासाठी आपण लेकराच्या माथी अपराध मारतो. शब्द कठोर आहेत, परंतु सौम्य शब्दांनी हा विषय आजवर टळतच आला आहे.

मूल मागे पडताच 'याला काही यायचे नाही' असा शिक्का मारावा, असे मी मुळीच म्हणत नाही. आधी त्याचे डोळे तपासा, कान तपासा. घरी सामवेदी वा वाडवळी बोली आणि शाळेत सारे विषय इंग्रजीतून, या दरीत ते अडकले आहे काय, हे पाहा. अडचण केवळ वाचन, लेखन वा गणित यांपुरती असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिची दखल घेतली आहे आणि योग्य मार्गदर्शनाने अशा मुलांना मोठे साहाय्य होते. पण हे सारे केल्यानंतरही काही मुले अभ्यासात साधारणच राहतात. त्यात त्यांची चूक नसते, शिक्षकांची नसते आणि आईवडिलांचीही नसते. माझा प्रश्न तेथून सुरू होतो.

कोणी म्हणेल, "फादर, तुम्हाला बोलायला काय जाते? शिक्षणानेच आपला समाज वर आला." हा आक्षेप खोटा नाही. आपल्या वसईच्या आजी-आजोबांनी केळी, भाजी आणि फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेची गाडी पकडली, मुलांना शिकवले, म्हणूनच पुढची पिढी बँकांत आणि कचेऱ्यांत पोहोचली. आज कित्येकांच्या वाड्याही उरलेल्या नाहीत. पदवी नसलेल्या मुलाने जायचे कोठे, ही भीती खरी आहे. परंतु आपल्या भीतीने मुलाची कुवत वाढते काय? शाळा, शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीहून परतल्यावर आईची उलटतपासणी, यातून फार तर चार गुण वाढतात. शिकण्याची गोडी मात्र कायमची जाते. उद्या या मुलाला सुतारकाम, वीजकाम, रुग्णसेवा वा स्वयंपाक, जे काही शिकायचे असेल, त्यासाठीही शिकण्याची उमेद लागणारच आहे. ती आपण इयत्ता दुसरीतच संपवून टाकतो.

दुसरे एक सांत्वनही तितकेच फसवे आहे : "अभ्यासात नाही ना, मग दुसऱ्या कशात तरी चमकेल." २००७ साली 'तारे ज़मीन पर' हा चित्रपट आला. अक्षरे न उलगडणाऱ्या मुलांचे दुःख त्याने घराघरांत पोहोचवले, हे त्याचे ऋण आहे. पण त्यातला मुलगा शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो आणि आपला जीव भांड्यात पडतो. ज्याचे वाचन बेताचे आणि चित्रही बेताचेच, त्या मुलाचे काय?

आम्ही धर्मगुरूही प्रवचनातून तेच करतो. संत जॉन मेरी व्हियानी यांना लॅटिन येत नव्हते, लिआँच्या सेमिनरीत त्यांचा निभाव लागला नाही, तरी १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९२९ साली ते धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरले, ही कथा आम्ही अशा थाटात सांगतो, की मागे पडलेला मुलगा अखेर पहिला येतोच! मला आता त्या कथेतील दुसरी व्यक्ती अधिक मोलाची वाटते. एक्युली गावचे धर्मगुरू बाले यांनी या विद्यार्थ्याला त्याच्या गतीने शिकवले आणि सेमिनरीत तो अपयशी ठरल्यावरही त्याला अंतर दिले नाही. हा पुढे संत होणार, हे त्यांना कोठे ठाऊक होते?

मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. धन्याने चाकरांना पाच, दोन आणि एक अशा हिश्शांनी धन सोपवले, तेही ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पंचविसाव्या अध्यायातील एकविसावे आणि तेविसावे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचा. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी एकाच शब्दांत शाबासकी देतो. 'तू दहा का आणले नाहीस?' असे तो दुसऱ्याला विचारीत नाही. आणि तिसऱ्याने धन पुरून ठेवले, ते धन्याच्या भीतीने. ज्या घरात गुणपत्रिकेची अशी भीती असते, तेथील मूलही आपल्याजवळचे थोडेसे पुरूनच ठेवते.

याबाबत मीही निर्दोष नाही. धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी मिस्सानंतर नव्वद टक्क्यांवरील मुलांचा सत्कार मी हौसेने करीत आलो. रोज सकाळी वेदीसेवेला येणारी मुले मागे उभी राहून टाळ्या वाजवीत. गेल्या वर्षी एक आई मला म्हणाली, "फादर, आपण कितवे आहोत, हे माझ्या मुलाला आज चर्चमध्येही कळले." मी निरुत्तर झालो. टक्केवारीवरील सत्कार आमच्या धर्मग्रामात यंदापासून बंद केला आहे. काही पालक रागावले आहेत. त्यांनी माझ्याशी अवश्य बोलावे.

पालकहो, मुलाला एकदा खरे सांगून पाहा : "हे तुला अवघड जाते, मला दिसते. आपण रोज थोडे करू, जमेल तेवढे करू." त्याने मेहनत करावी, असा आग्रह अवश्य धरा. पण मेहनतीनंतर जे पदरी पडेल, ते पाहून चेहरा पाडू नका. मूल गुणपत्रिकेआधी आपला चेहरा वाचते, आणि ते वाचन त्याला उत्तम येते.

पुढच्या निकालानंतर कोणी आपले मूल माझ्याकडे बजावण्यासाठी आणले, तर मी त्याला मैदानात खेळायला पाठवीन आणि आईवडिलांना बसवून घेईन.