दूरची सेथ, जवळची आई

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) ही कादंबरी मला भिडली आणि खटकलीही. गुलामीतून पळालेली सेथ, मालकाची माणसं दारात येताच, लेकरू त्यांच्या हाती पडू नये म्हणून पोटच्या मुलीला मारते. यामागे मार्गारेट गार्नरची १८५६ सालची खरी घटना आहे. मॉरिसनबाई सेथला देवी करत नाहीत, राक्षसीणही नाही. गुलाम बाईचं मूलसुद्धा मालकाचंच, हे अंगावर येतं.

खटकलं ते मेलेल्या मुलीचं परत येणं. बाईला ‘भुताळी’ ठरवून मारलं जातं अशा भागात, हरसूलमध्ये बसून भुताची गोष्ट नुसती गोष्ट म्हणून वाचता येत नाही.

पण खरी सल वेगळीच. दूरच्या सेथसाठी रडणं सोपं. शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ होई; त्याच्याबरोबर बायकोही जमीनदाराकडे राबे. गोदावरी परुळेकरांनी ते लिहून ठेवलं. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्यानं बंद झाली. तरी २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं.

त्यांच्या आयांची कादंबरी कोण लिहिणार? मैत्रिणींनो, निदान त्यांचं बोलणं आपण टिपून ठेवू या.